पाठीवरची सॅक आणि मांडीवरचं दप्तर

पाठीवरच्या पिशवीला आपण 'सॅक' म्हणतो. रकसॅक, हॅवरसॅक, बॅकपॅक अशी तिची बरीच लांबलचक नावं आहेत, पण मराठी माणसानं त्यातलं नेमकं एवढंच उचललं. सॅक म्हणजे शब्दशः पोतं. आणि पाठीवर पोतं घेऊन भरल्या एस.टी.त शिरलं की काय होतं, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. वळलं की मागच्या म्हातारीच्या तोंडावर सॅक. वाकलं की सीटवरच्या पोराच्या डोक्यावर सॅक. आणि ज्याची सॅक आहे तो बिचारा निवांत, कारण पाठीला डोळे नसतात.

जगात बऱ्याच ठिकाणी आता यावर पाट्या लागल्या आहेत. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेनं २०१४ च्या अखेरीस प्रवाशांसाठी शिष्टाचाराची एक मोहीमच काढली. त्यात पाय फाकवून बसू नका याच्या जोडीला, पाठीवरची सॅक काढून ठेवा, अशीही सूचना होती. जपानात तर सॅक पोटाशी धरून उभं राहायची रीत बरीच रुळली आहे. तिथल्या खाजगी रेल्वे कंपन्यांची संघटना दर वर्षी प्रवाशांना विचारते की सहप्रवाशांचं काय काय खटकतं. त्या यादीत सामान कसं धरतात हे हटकून वरच्या क्रमांकांत असतं.

हे वाचलं की आपल्याकडे कुणीतरी लगेच म्हणतं, बघा, याला म्हणतात शिस्त. आपल्या लोकांना रीतच नाही. मला हे काही पटत नाही. ओझं घेऊन गर्दीत कसं वागायचं याच्या रीती आपल्याकडे भरपूर होत्या. त्या गेल्या कुठे, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर शोधायला टोकियोला जायची गरज नाही, पाचोडच्या स्टँडवर उभं राहिलं तरी पुरतं.

पाचोड हे पैठण तालुक्यातलं मोठं गाव. छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाताना आडूळ मागे पडलं की पाचोड येतं. आता तो चौपदरी राष्ट्रीय महामार्ग आहे. गाव ओळखलं जातं ते मोसंबीच्या बाजारासाठी. रेल्वे इथं कधीच आली नाही. निजामाच्या काळात मनमाड–हैदराबाद रेल्वे आली ती वरच्या अंगानं, औरंगाबाद–जालना करत निघून गेली. त्यामुळे पाचोडच्या माणसाचं ओझं आधी स्वतःच्या अंगावर, मग बैलगाडीत आणि मग थेट मोटारीच्या टपावर. रेल्वेचा मधला धडा इथं झालाच नाही.

अंगावर ओझं वाहायचे जुने प्रकार आठवून पाहा. बाईच्या डोक्यावर पाटी किंवा गाठोडं. पुरुषाच्या खांद्यावर पडशी. पडशी आता फारशी दिसत नाही म्हणून सांगतो, लांबट कापडी पिशवी, दोन्ही टोकांना खण, मधला भाग खांद्यावर. एक खण छातीवर, दुसरा पाठीवर. वारकऱ्यांच्या खांद्यावर ती असायची. पाणी वाहायला कावड, म्हणजे खांद्यावर आडवा बांबू आणि दोन्ही टोकांना लटकवलेल्या घागरी.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. डोक्यावरचं ओझं गर्दीच्या वर जातं, शेजाऱ्याच्या अंगाला लागत नाही. पडशीचं निम्मं ओझं डोळ्यांसमोर असतं. कावडीचं एक टोक पुढेच असतं, आणि ते हललं की मागचंही हललं हे खांद्याला कळतं. सगळं ओझं पाठीमागे आणि नजर पुढे, अशी सोय गर्दीत वावरणाऱ्या माणसानं स्वतःसाठी सहसा केली नाही. पाठीवर पोती वाहणारा हमाल असायचा, पण तो ओरडत यायचा. 'चलो बाजू', 'सरका, सरका' असं म्हणत. पाठीला डोळे नाहीत हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो तोंडानं ते काम करायचा.

कावडीचा विषय निघाला आणि तालुका पैठणचा, म्हणजे नाथमहाराजांना टाळून पुढे जाता येणार नाही. सोळाव्या शतकातल्या एकनाथांची ती गोष्ट आपण शाळेत असल्यापासून ऐकलेली आहे. काशीहून गंगेची कावड घेऊन मंडळी रामेश्वराला निघालेली. वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेनं तडफडतंय. नाथांनी खांद्यावरची कावड उतरवली आणि ते पाणी गाढवाला पाजलं. ही परंपरेनं सांगितली जाणारी कथा आहे. आपण ती भूतदयेची म्हणून ऐकतो, आणि ती तशी आहेच. पण मला ती ओझ्याच्या रीतीचीही वाटते. खांद्यावर जे आहे ते कितीही पवित्र असो, कितीही लांबून आणलेलं असो, शेजारचा जीव कासावीस झाला की ते खाली उतरवायचं. त्याच नाथांच्या घरी श्रीखंड्या नावानं साक्षात देव बारा वर्षं कावडीनं पाणी भरत होता, अशीही श्रद्धा आहे. म्हणजे ज्या तालुक्यात देवानंसुद्धा दुसऱ्याचं ओझं वाहिलं असं लोक मानतात, तिथल्या माणसाला ओझ्याची रीत माहीत नाही असं म्हणणं जरा धाडसाचंच.

असो. आता मोटारीकडे येऊ.

हैदराबाद संस्थानात सरकारी बस तशी लवकर आली. निजामाच्या रेल्वे खात्यानं १९३२ साली २७ गाड्यांवर रस्ता वाहतूक सुरू केली. इकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर (आजचं अहिल्यानगर) अशी पहिली एस.टी. धावली. त्या दिवशी मराठवाडा अजून निजामाकडेच होता. तो मोकळा झाला त्याच वर्षी १७ सप्टेंबरला. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १९६१ मध्ये मुंबई, मराठवाडा, विदर्भ अशा वेगवेगळ्या सेवा एकत्र होऊन आजचं एस.टी. महामंडळ झालं.

ही सनावळी एवढ्यासाठी सांगितली, की त्या लाल गाडीनं माणसाच्या बरोबर त्याच्या ओझ्यालाही जागा दिली होती. गाडीच्या मागे लोखंडी शिडी आणि टपावर कॅरिअर. धान्याची पोती, सायकल, लग्नातल्या ट्रंका, भाजीच्या पाट्या, सगळं टपावर. चढवायला हमाल, लगेजचं तिकीट फाडायला कंडक्टर. गाडीत यायचं ते माणूस आणि त्याच्या हातातली पिशवी. गर्दी तेव्हाही मरणाची असायची. लोक खिडकीतून आत रुमाल, टोपी, कधी कधी पोरगंसुद्धा टाकून जागा धरायचे. रुमालानं धरलेली जागा दुसरा माणूस मुकाट मान्य करायचा. जगातल्या कुठल्या कायद्यात हे बसतं कोण जाणे, पण स्टँडवर ते चालायचं. अजूनही चालतं.

रुमालावरून आठवलं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे जे हजारो गठ्ठे आहेत त्यांना 'रुमाल'च म्हणतात. चौकोनी फडक्यात कागद बांधायचे, त्याला गाठ मारायची, झाला रुमाल. आणि अशा कागदांचं मिळून ते दफ्तर. मूळ शब्द फारसी. दरबारातला हा शब्द पुढे शाळेतल्या पोराच्या पाटी-पुस्तकावर येऊन बसला आणि 'दप्तर' झाला. खताच्या गोणीची पिशवी असो की आईनं जुन्या पँटची शिवलेली, तिला दप्तर म्हटलं की तिचा दर्जा वाढायचा. दप्तराला पाय लागला तर हात लावून तो कपाळाला लावायचा. विद्या आहे ती. शेजाऱ्याला पाय लागला तरी तसंच, त्याला हात लावून आपल्या छातीला. तोंडानं 'सॉरी' म्हणायची पद्धत नव्हती, पण क्षमा मागायची पद्धत होती.

न्यूयॉर्कची सूचना आपल्याकडे जशीच्या तशी का चालत नाही, ते इथं कळतं. तिकडे सांगतात, सॅक काढा आणि खाली पायांशी ठेवा. आपल्याकडे खाली म्हणजे कुठे? एस.टी.च्या फरशीवर चिखल, शेंगांची टरफलं, आणखी काय काय. त्यात आपली पुस्तकं ठेवायची आणि वर लोकांचे पाय? पोरगं ते करणार नाही, आणि केलं तर घरी बोलणी खाईल.

मग आपली रीत काय होती? ती होती मांडी.

बसलेल्यानं उभ्याचं ओझं घ्यायचं. शाळेची पोरं गाडीत चढली की सीटवरचा कुणी मामा, कुणी मावशी न विचारता हात पुढे करायची, 'आण रे बाळा इकडं दप्तर.' एकेका मांडीवर तीन-तीन दप्तरं. ओळख ना पाळख. उतरताना 'मामा, माझं द्या' म्हणायचं, की चार हातांतून दप्तर दारापाशी पोचायचं. मुंबईच्या लोकलमध्येही ही रीत होती, आणि माळ्यावर पिशवी ठेवायची तर ती हातोहात पुढे जायची. यात उपकार नव्हते. बसायला मिळालं हे नशीब. त्या नशिबाचा थोडा वाटा उभ्याला द्यायचा, एवढाच हिशेब. ही रीत पाटीवर लिहिलेली नव्हती, त्यामुळे ती गेली तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आता सॅककडे वळू. ती मुळात डोंगरातली. नॉर्वेच्या ओले बर्गन यानं १९०९ मध्ये चौकट लावलेल्या सॅकचं पेटंट घेतलं. शिकारी, सैनिक, गिर्यारोहक यांच्यासाठी ती चीज. मोकळ्या रानात तुमच्या मागे कोणी उभंच नसतं, त्यामुळे सगळं ओझं मागे असलं तरी बिघडत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या विद्यापीठांतली मुलं तिच्यातून पुस्तकं न्यायला लागली. आपल्याकडे आधी लष्करात आणि सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या पाठीवर, मग शाळेत, आणि लॅपटॉप आल्यावर ऑफिसात. म्हणजे निर्जन जागेसाठी बनवलेली वस्तू शंभर वर्षांत जगातल्या सगळ्यात दाट गर्दीत येऊन उभी राहिली.

शाळेत ती आली याला कारण होतं. पुस्तकं वाढली. आर. के. नारायण यांनी राज्यसभेतलं आपलं पहिलंच भाषण मुलांच्या दप्तराच्या ओझ्यावर केलं होतं. यशपाल समितीनं १९९३ मध्ये याच ओझ्यावर अहवाल दिला. महाराष्ट्र शासनानं जुलै २०१५ मध्ये आदेश काढला की दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नको. म्हणजे तीस किलोच्या पोराला तीन किलो. प्रत्यक्षात काय झालं ते कुठल्याही शाळेच्या फाटकाशी उभं राहून बघा. एका खांद्यावरची पिशवी हे वजन पेलू शकत नव्हती. सॅकनं ते दोन खांद्यांवर वाटलं आणि हात मोकळे ठेवले.

हात मोकळे ही साधी गोष्ट नाही. गावोगावच्या वस्त्यांवरच्या मुली आज एस.टी.नं शाळेत, कॉलेजात येतात. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना मोफत पास मिळतो. मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना तिकीट अर्धं, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर २०२२ पासून प्रवास फुकट. चांगल्याच गोष्टी या. पण त्या प्रमाणात गाड्या वाढल्या नाहीत, हे स्टँडवर ताटकळणारं कोणीही सांगेल. अशा गाडीत उभ्या असलेल्या मुलीला एक हात दांड्याला लागतो आणि दुसरा ओढणी सांभाळायला. शिवाय आणखी एक गोष्ट, जी बायका आपसांत बोलतात आणि पुरुषांना सुचत नाही. गर्दीत पाठीवरची सॅक ही ढाल असते. मागून येणारा नको तो स्पर्श ती अडवते. त्या मुलीला 'सॅक काढून पुढे घे' असं शिस्तीचं वळण लावताना, तिच्या मागे कोण उभं आहे हेही बघायला हवं ना?

म्हणजे सॅक काही उगाच आलेली नाही. तिनं एक प्रश्न सोडवला आणि दुसरा निर्माण केला. त्याच सुमारास गाडीही बदलली. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांवरून नाव मिळालेल्या 'एशियाड' गाड्या आल्या, पुढे आणखी नव्या आल्या, आणि टपावरचं कॅरिअर आणि मागची शिडी हळूहळू गेली. ओझं टपावरून खाली आलं ते माणसाच्या पाठीवर चढलं.

आणि मांडी? तिचं काय झालं? एक तर मांडीवर आता मोबाईल आला. पण त्याहून मोठं कारण भीती आहे. ११ जुलै २००६ ला संध्याकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत काही मिनिटांत सात स्फोट झाले. दोनशेच्या आसपास माणसं गेली. बेवारस वस्तूला हात लावू नका ही सूचना त्यानंतर कानात कायमची बसली. ती योग्यच होती. पण तिचा एक परिणाम असा, की परक्याची पिशवी ही आता मदतीची जागा उरली नाही, संशयाची झाली. उभ्या माणसालाही वाटतं, आत लॅपटॉप आहे, पैसे आहेत, कशाला दुसऱ्याच्या हातात द्या. दोन्हीकडून हात आखडले. मग सॅक जिथं होती तिथंच राहिली, पाठीवर.

हे सगळं निव्वळ रीतीभातीचं बोलणं राहिलं असतं, पण गेल्या वर्षी तसं राहिलं नाही. ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा–मुंब्रा दरम्यानच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या शेजारून गेल्या. दोन्हींच्या दारांत माणसं लटकलेली. त्यातली बरीच खाली पडली आणि किमान चार जणांचा जीव गेला. रेल्वेकडून सांगितलं गेलं की दारातल्या प्रवाशांच्या पाठीवरच्या सॅक एकमेकींना घासल्या असाव्यात. दोन दिवस सगळीकडे सॅकचीच चर्चा. पुढे नोव्हेंबरमध्ये लोहमार्ग पोलिसांनी रुळांच्या देखभालीतल्या हलगर्जीपणाबद्दल रेल्वेच्याच अभियंत्यांवर गुन्हा दाखल केला. खरं काय ते न्यायालयात ठरेल. मला त्यात खटकलं ते वेगळंच. माणसं दारात का लटकली होती, हा प्रश्न सॅकच्या मागे दडून गेला.

याच मुंबईत १८९० पासून डबेवाले डोक्यावर लांबच लांब लाकडी पाट्या घेऊन गर्दीतून चालतात. त्यांच्या पाटीचा धक्का लागून सगळं विस्कटलं, असं सहसा ऐकू येत नाही. ते सावध असतात हे खरंच, पण त्यांना लोकलमध्ये मालडबाही आहे. ओझ्याला जागा आहे म्हणून ओझ्याची रीत टिकली आहे. जिथं जागा नसते तिथं उरतो तो उपदेश.

म्हणून मला वाटतं, सॅकचे दोन हिशेब वेगळे ठेवावेत. एक आपला. गर्दीत सॅक पुढे घ्यावी, हे बरोबरच आहे. त्यानं जागा तसूभरही वाढत नाही, सॅक तेवढीच राहते. पण ती डोळ्यांसमोर येते आणि कुणाच्या तोंडावर जातेय ते दिसतं. पडशीनं जे आपोआप व्हायचं ते आता मुद्दाम करायचं, एवढंच. दारात तर पाठीवर सॅक नकोच. आणि बसायला मिळालं असेल तर समोर उभ्या पोरीला विचारावं, 'दे बाळा इकडं.' ती नाही म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नये. तिचीही कारणं असतात.

दुसरा हिशेब गाडी चालवणाऱ्यांचा. शाळा सुटायच्या वेळेला आणखी एक गाडी, आत डोक्यावर धड रॅक, आणि पुस्तकं शाळेतच ठेवायला एक कपाट. हे झालं तर निम्म्या पाट्या लावायची गरजच पडणार नाही. हे न करता नुसती 'सॅक पुढे घ्या' अशी पाटी लावणं म्हणजे व्यवस्थेचं ओझंही प्रवाशाच्याच पाठीवर चढवणं झालं.

बाकी पाचोडच्या स्टँडवर संध्याकाळची गाडी लागली की धावपळ होते ती होतेच. मावशी गाठोडं घेऊन चढतात, पोरं सॅकसकट घुसतात, कुणीतरी खिडकीतून रुमाल टाकतं. पण मधल्या सीटवरून अधूनमधून एखादा हात पुढे येतो हेही खरं. आपण बसलेले असू तेव्हा तो हात आपला असायला काय हरकत आहे? बघा, पटतंय का.